डोळे वाळू घालणारा डॉक्टर

मेंढरं राखणाऱ्या रायभानची आणि खऱ्या बोलण्याची कधी सोयरीक जमलीच नाही. गंगाखेडच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा त्यानं नातीला सांगून ठेवलं, "सरजे, डॉक्टर काय करतेत, म्हाईतंय का? आजीचे डोळे चमच्यानं काढायचे, गंगंत खळाखळा धुवायचे अन् दोरीवर वाळू घालायचे. मागल्या साली एका म्हाताऱ्याचा डोळा कावळ्यानं नेला. आता त्यो म्हातारा घरी बसून समद्या गावावर नजर ठिवायलाय!"

"पोरीला भेवडू नगा," केवळाबाई म्हणाली. भ्याली होती ती स्वतःच.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिला मेंढरं ओरडण्यावरून कळत आणि नवरा खोकण्यावरून.

"एकदा तुमचं तोंड दिसू द्या, बस. लय म्हातारं झालं आसंल."

"कशाचं? नवे दात आलेत मला. पट्टी सुटंल त्या दिशी येतो. पयलं माझं तोंड बघायचं, डॉक्टराचं न्हाई."

मेंढ्या व्यायला आलेल्या. आजी-नातीला शिबिरात सोडून तो कळपाकडे परतला.

सरजानं डॉक्टरांना पहिला सवाल टाकला, "दोरी कुठंय?"

डॉक्टर पोट धरून हसले. मग तिच्याजवळ उकिडवे बसले. "डोळा बाहेर काढत नाहीत, बाळ. डोळ्यात मसुराच्या दाण्यासारखं एक भिंग असतं. कंदिलाची काच काजळते ना, तसं ते गढूळ होतं. कंदिलाची काच पुसता येते, हे भिंग पुसता येत नाही. म्हणून डोळा बधिर करून तेवढं काढून घ्यायचं आणि केसासारख्या दोऱ्यानं टाके घालायचे. पुढं भिंगाचं काम चष्मा करतो. पण टाके कच्चे असतात. आजीनं वाकायचं नाही, खोकायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही."

"माझी आजी रडत न्हाई," सरजा म्हणाली.

केवळाबाई दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणी पडून राहिली. मधेच एका दुपारी तिचा लेक अंगद आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती. पोरगा चालत आला होता. पायांच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं.

"तुजा आबा कुठाय रं?"

"मेंढरापाशी," अंगद म्हणाला. आवाज जरा घोगरा.

मग तो पाया पडायला वाकला. आईच्या पायावर डोकं टेकताना पटका काढून ठेवायचा, ही त्यांची रीत. सगळं लपवायचं ठरवून आलेल्या अंगदानं सवयीनं पटका काढला. पाया पडून तो उशाशी वाकला, तसा केवळाबाईनं आशीर्वादाला हात ठेवला, तो गुळगुळीत डोक्यावर. बापाला अग्नी देणाऱ्या लेकाचं डोकं.

हात तिथंच राहिला. दुसरा हात कपाळाच्या कुंकवाकडं निघाला, पट्टीला लागला आणि थांबला.

"कवा?"

"परवा. छातीत कळ आली. तुला सांगू नगा म्हणले डॉक्टर. माय, रडू नगंस, टाके…"

केवळाबाईनं खाटेची कड गच्च धरली. मग म्हणाली, "सरजे, आज्याची ती गोष्ट सांग गं. डोळे वाळू घालायची."

सरजा सांगू लागली. कावळ्यापाशी येऊन तिचा आवाज फुटला. अंगद उठून शाळेमागं गेला.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी जाड काचांचा चष्मा चढवला. "आजी, बोटं किती?"

"तीन." तिनं डॉक्टरांचं तोंड पाहिलं, सरजाचं पाहिलं, अंगदाच्या डोक्यावरची कोवळी खुंटं पाहिली. मग दाराकडं पाहिलं. दारात उन्हाशिवाय कोणी नव्हतं.

"सायेब, आता रडलं तर चालतंय का?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "अजून थोडे दिवस थांबा, आजी."

तिनं चष्मा उतरवून सरजाच्या हातात दिला.

"जा, नळावर धू अन् दोरीवर वाळू घाल. कावळ्याकडं ध्यान ठीव."