चाकावर ठोकलेला पत्रा

मी पुढच्या चाकावरचा मडगार्ड बोलतो आहे. माझे बोलणे गोड वाटणार नाही, कारण माझा जन्मच घावाखाली झाला. कारखान्यातील यंत्राने सपाट पत्र्यावर एकच प्रहार केला आणि माझी पाठ कायमची वाकली. त्या प्रहारात द्वेष नव्हता. घडवणारा घाव निराळा आणि राग काढणारा घाव निराळा, हे मला पुढे एका घराने शिकवले.

त्या घरच्या कर्त्या पुरुषाने मला आपल्या साध्या सायकलीवर बसवले. तिचे चाक सडपातळ होते. माझ्यात आणि टायरमध्ये वारा खेळे. तो गृहस्थ देवाचे नाव घेत पायडल मारी आणि घरी आल्यावर मला पुसून मगच स्वतःचे पाय धुई. तो वारला. मागे राहिली पत्नी आणि दोन मुलगे. थोरला शाळेत शिक्षक. धाकटा वायरमन, डोंगरावरच्या विजेच्या तारा सांभाळणारा. दोघांनी मिळून जाड, दातेरी टायरांची डोंगरी सायकल घेतली. दिवसा ती थोरला नेई, संध्याकाळच्या पाळीला धाकटा. सायकल एक आणि अहंकार दोन.

पावसाळ्यात त्या सायकलीचे पुढचे चाक चिखल थेट थोरल्याच्या तोंडावर उडवू लागले. तेव्हा त्याने मला वडिलांच्या सायकलीवरून उतरवले, दगडावर आडवे टाकले आणि हातोड्याने माझ्या कडा फाकवून त्या जाड चाकावर बसवले. मी बसलो खरा, पण जेमतेम.

धाकट्याने पाहिले मात्र, त्याचा पारा चढला. "दादा, बाबांच्या सायकलीचा पत्रा या चाकाला कसा चालेल? डोंगरावर सगळी चिकणमाती आहे. मधे बोटसुद्धा शिरत नाही. चिखल भरला की चाक जाम होणार."

"मग मी बरबटून वर्गात जाऊ? पोरं मला म्हैस म्हणतात, म्हैस!"

"म्हैस तरी शांत असते."

थोरल्याचा हात उठला. थप्पड बसताच धाकट्याने मला उपटून भिंतीवर भिरकावले. थोरल्याने त्याची गचांडी धरली. त्याने हवा भरायचा पंप थोरल्याच्या तोंडावर हाणला. शिक्षकाचा ओठ फाटला. माझ्यावर चिखल उडण्याआधी रक्त उडाले. आई सोडवायला मध्ये पडली आणि कोणाचे तरी कोपर तिच्या डोळ्यावर बसले. कोणाचे, हे दोघांपैकी एकानेही वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने सायकलीचे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला भोके पाडली आणि मला रिव्हेटने पक्के ठोकले. घाव माझ्यावर पडत होते, नजर भावावर होती. "आता काढून दाखव!"

धाकटा पायरीवर बसून होता. "काढत नाही. असाच घेऊन जातो. बघच तू."

आणि तो गेला. उतारावर ओली माती माझ्या पोटात गच्च भरली. टायरचे दाते मला ओरबाडू लागले. मी ओरडलो, पत्र्याचे ओरडणे म्हणजे नुसता खरखराट, तो कोण ऐकतो? चाक जागच्या जागी थांबले, सायकल तोंडावर उलटली आणि धाकटा हँडलवरून खडकावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो पत्र्याच्या आवाजाहून लहान असतो.

"जीव वाचला," डॉक्टर म्हणाले, "पण हा गुडघा आता वाकणार नाही." आणि ज्याला हे सांगितले, त्याची भाकरी खांबावर चढण्यात होती.

त्याला घरी आणले, त्या दिवशी थोरल्याने मला चिमट्यावरून तोडून काढले आणि अंगणात झोडपायला सुरुवात केली. मी चेपलो, फाटलो. आई बाहेर आली. तिचा डोळा अजून काळानिळा होता.

"पत्र्याला काय मारतोस? तो काय आपल्या पायांनी चाकावर चढला होता?"

आतून, खाटेवरून धाकट्याचा आवाज आला, "आई, थांबव त्याला. एकेक घाव माझ्या पायात वाजतोय."

हातोडा खाली पडला. थोरला उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मीच ठोकला होता तो."

"माहीत आहे. समोरच बसलो होतो मी."

"चाक जाम होणार हेही माहीत होतं. मग गेलास कशाला?"

धाकट्याने भिंतीकडे तोंड केले. "तुला खोटं पाडायला."

आई दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि हात जोडून हळूहळू नामस्मरण करू लागली. कोणासाठी, ते तिने सांगितले नाही.

आज मी भंगाराच्या ढिगावर पडलो आहे. लवकरच भट्टीत जाईन. वाचकहो, माझ्यासाठी हळहळू नका. एवढेच करा: हातात हत्यार घेण्याआधी मनातला राग त्या दयाघनाच्या पायाशी ठेवा, आणि तो तेथे ठेवला जाईपर्यंत हत्यारही खाली राहू द्या. मला वितळवून पुन्हा सरळ करता येईल. त्या गुडघ्यासाठी भट्टी नाही.