फळांची रांग

“केला है? तो बाएँ लगाओ. फल की लाइन अलग है,” शिट्टीवाल्या शिपायानं हात हलवत सांगितलं.

खेमानं ब्रेक दाबला आणि तो तसाच बसून राहिला. डावीकडे नवा डांबरी रस्ता काढला होता. त्यावर आंब्याच्या, टोमॅटोच्या मोजक्या गाड्या उभ्या होत्या आणि त्याही बघता बघता पुढे सरकत होत्या. फळं-भाजीचे कागद आता आधीच तपासून होतात, दोन तासांत गाडी नेपाळात, असं तो शिपाई घरचं कार्य असल्यासारखा सांगत होता. समोर मात्र जुनी रांग होती. सिमेंट, सळया, कापडाच्या गाठी. तिचं पुढचं टोक दिसत नव्हतं. या रांगेसाठी खेमानं दहा वर्षं दातओठ खात काढली होती, आणि दोन सरकारांना शहाणपण सुचायला नेमका हाच मुहूर्त सापडला होता.

शेजारच्या सीटवर हरीशराव तोंड उघडं टाकून झोपले होते. खेमानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी जुन्या रांगेच्या शेपटाला नेऊन लावली. शिपाई मागून ओरडला, मग कंटाळून दुसऱ्या गाडीकडे वळला. लांबचा ड्रायव्हर, याला काय कळतंय, असं त्याला वाटलं असणार. खेमाला सगळं कळत होतं.

हरीशराव डोंगरकडा गावचे. घरची बागायत मोठी, शिवाय आसपासच्या गावांची केळी विकत घेऊन ते उत्तरेत पाठवत. बोलायला गोड माणूस. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी हजर, आणि रडायलाही सगळ्यांत पुढे. शहाण्णव साली त्यांनी पहिल्यांदा नेपाळला माल धाडला तेव्हा गाडीवर खेमा होता. जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचा मेहुणा रणजीत, म्हणजे धाकट्या बहिणीचा, मिराबाईचा नवरा. खेमाचा तांडा कळमनुरीजवळ, मिराबाईचा शिरड शहापूरच्या अलीकडे. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले आणि त्यांना कुणी नाक्यावर अडवलं नाही, असं दोन्हीकडचे म्हातारे सांगत. नातवांना मात्र चांगलंच अडवलं.

तेव्हा सगळ्या मालाला एकच रांग होती. आठवडा होत आला तरी ती हलेना. कधी इकडचा शिक्का राहिलेला, कधी तिकडचा साहेब जेवायला गेलेला. समुद्र नसलेल्या त्या देशात मीठसुद्धा याच वाटेनं जायचं, तरी वाट अडवून बसलेल्यांना कसली घाई नव्हती. वरची केळी पिवळी पडायला लागली, आणि त्यातच रणजीतच्या पोटात कळा सुरू झाल्या. ताप चढला. त्याला उठून बसवेना, त्यामुळे एकट्याला पाठवायची सोय नव्हती. आणि गाडी बेवारस सोडली की मागचे लोक ती ढकलून बाजूला लावत आणि नंबर जाई. खेमा धावत एसटीडीच्या बूथवर गेला. गाडी इथंच टाकून रणजीतला दवाखान्यात नेऊ का, असं त्यानं मालकाला विचारलं.

“गाडी सोडू नको,” हरीशराव तिकडून म्हणाले. “माणूस दोन दिसांत बरा हुईल, केळी न्हाई हुनार.”

खेमानं ऐकलं. दोन दिवसांनी रणजीतची शुद्ध गेली तेव्हा कुठे त्यानं त्याला हातगाडीवर घालून दवाखान्याकडे पळवलं. रणजीत दवाखान्याच्या व्हरांड्यातच गेला. परत येऊन पाहतो तर गाडीखाली केळीच्या रसाचं थारोळं, आणि वर माश्या घोंघावत होत्या.

खेमा प्रेत घेऊन गावी पोहोचायच्या आधी हरीशराव मिराबाईच्या तांड्यावर जाऊन आले होते. नाक्यावर गाडी आठवडाभर उभी राहते हे कधी ऐकलंय का, असं त्यांनी तांड्याच्या म्होरक्याला, वसराम नायकाला विचारलं. खेमा कुठंतरी पिऊन पडला असेल, आपल्याला त्याचा फोन नाही की निरोप नाही, रणजीतच्या दुखण्याचं कळलं असतं तर विमानानं आणला असता पोराला. असं म्हणून ते रडलेसुद्धा. तांड्यातल्या कुणी सीमा पाहिली नव्हती. खेमाला प्यायलेला मात्र होळीला सगळ्यांनीच पाहिला होता. मिराबाईनं हरीशरावांवर विश्वास ठेवला. तेव्हापासून भाऊ दारात आला की ती मागच्या अंगणात निघून जाई आणि तो जाईपर्यंत पुढे येत नसे.

दुसरा कुणी असता तर काठी घेऊन डोंगरकड्याला गेला असता. खेमानं तीन वर्षं जाऊ दिली आणि मग हरीशरावांच्याच दारात जाऊन काम मागितलं. तांडा त्याच्यावर थुंकला. त्यानं ते पुसून घेतलं. दारू सोडली, नागपूर, दिल्ली, जम्मू, सांगेल तिकडे गाडी नेली, एक घड कधी कमी भरू दिला नाही. हळूहळू असं झालं, की मालकाचा मुलगा आणि खेमा यांत मालकाला खेमा जवळचा वाटू लागला. सगळे म्हणत, खेमाचं मन मोठं. खेमाच्या मनात एकच गोष्ट होती. या माणसाला एकदा त्या रांगेत नेऊन बसवायचं, आणि तो आडवा झाला की त्याचंच वाक्य त्याला ऐकवायचं. चांदीच्या ताटात वाढतात तसं.

यंदा मे महिन्यात योग आला. नेपाळातल्या नव्या व्यापाऱ्याशी समोरासमोर बोलणं करायचं होतं. हरीशराव रेल्वेनं जाऊ शकले असते, पण स्वतःची गाडी जात असताना तिकीट काढणं त्यांच्या जिवावर आलं. खेमानंही, आपलीच गाडी हाय मालक, आडवं पडून या, असा आग्रह केला. हरीशरावांना आता साखरेचा आजार जडला होता. त्यांची सून वैष्णवी हिनं इंजेक्शनांचा थर्मास खेमाच्या हातात दिला आणि मामांचा बर्फ वाटेत बदलत जा काका, असं बजावलं. खेमानं नाक्यापर्यंत तो इमानानं बदलला. माणूस तिथवर धडधाकट पोहोचायला हवा होता.

हरीशराव जागे झाले तेव्हा केबिन तापलेल्या तव्यासारखी झाली होती. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. नंबर येईल तेव्हा, खेमानं सांगितलं. मोबाइलला रेंज नव्हती. ढाब्यावरचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळपर्यंत थर्मासात नुसतं कोमट पाणी उरलं, आणि औषध खराब झालं असणार म्हणून त्यांनी सुईही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सारखी तहान लागायला लागली. दोनदा उलटी झाली. खेमा इंजिनाच्या झाकणावर मांडी घालून त्यांच्याकडे बघत बसला होता. खोटं कशाला सांगायचं, त्याला बरं वाटत होतं. बऱ्याच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

“खेमा, मला दवाखान्यात ने बाबा,” हरीशराव म्हणाले. “रिक्षा बघ अन् संगं चल. एकट्यानं न्हाई जाववत.”

किती घाटांत, किती चढांवर खेमानं समोरच्या काचेला ते वाक्य म्हणून दाखवलं होतं. तेव्हा तो ओरडून म्हणायचा. आता आवाज साधाच निघाला.

“गाडी सोडता येत न्हाई, मालक. माणूस दोन दिसांत बरा हुईल, केळी न्हाई हुनार.”

पाण्याचा कॅन चाचपणारा हरीशरावांचा हात थांबला. ते विसरले नव्हते. एक शब्दही विसरले नव्हते, आणि खेमाला हेच बघायचं होतं.

“काहून आणलंस मला इथं? मारायला?”

“मारायचं असतं तर घाटात लई जागा व्हत्या.” खेमा खाली वाकून त्यांच्या तोंडाजवळ आला. “मिरासमोर बोलायचं तुमी. फोन आला व्हता, अन् त्यावर तुमी काय म्हनले, ते. बराबर तसंच.”

हरीशरावांनी नातवाची शपथ घेतली. घाबरून घेतली असेल, पण घेतली. खेमानं लगेच सायकलरिक्षा बोलावली, त्यांना उचलून आत बसवलं, आणि गाडी रांगेत तशीच टाकून तो त्यांच्यासोबत गावातल्या डॉक्टरकडे गेला. तिथं त्यांना सलाइन लावली, नवं इंजेक्शन दिलं. तिन्हीसांजेला दोघं परत आले तेव्हा मागच्यांनी गाडी ढकलून कडेला लावली होती. नंबर गेला होता. बाकी काहीच झालं नव्हतं. पाल्याखाली केळी हिरवीगार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेमानं गाडी फळांच्या रांगेत नेली. एका माणसानं कागद पाहिले, दुसऱ्यानं ताडपत्री उचलून पाहिली, आणि पुढच्या चहाआधी ते पलीकडे होते. ही रांग परवाबी व्हती का, असं हरीशरावांनी हळूच विचारलं. खेमा व्हय म्हणाला. त्यानंतर डोंगरकड्यापर्यंत दोघं कामापुरतं बोलले.

हरीशराव शब्दाला जागले. येऊन आठवडा झाल्यावर जीप काढून ते शिरड शहापूरकडच्या तांड्यावर गेले, खेमाला शेजारी बसवून. मिराबाई अंगणात हळदीची कुडी, वाळलेली हळकुंडं, निवडत होती. भाऊ दिसताच ती उठली, पण मागे मालक बघून थांबली. हरीशरावांनी पागोटं काढून हातात घेतलं. त्यांनी काही लपवलं नाही. खेमाचा फोन आला होता, त्यानं विचारलं होतं, आपणच नको म्हटलं. काय म्हटलं तेही त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. तुझ्या भावावर मी खोटा आळ घेतला बाई, असं म्हणून ते रडायला लागले, आणि या वेळी ते रडणं खरं होतं.

खेमा बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथं काहीतरी सैल होत होतं. तिचे ओठ हलले, ती त्याच्याकडे एक पाऊल आली. दहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे आली.

हरीशरावांना मात्र कुठं थांबावं ते कळलं नाही. बोलायला गोड माणूस. खेमाचे उपकार फेडावे म्हणून त्यांनी डोळे पुसत पुढचंही सांगून टाकलं.

“देवमानूस हाय तुझा भाऊ. इतकं करून बी, म्या आजारी पडलो तर ह्यानं लाखाचा माल भरल्याली गाडी रस्त्यात टाकून मला दवाखान्यात नेलं. मागं वळून न्हाई पाह्यलं.”

मिराबाई जिथल्या तिथं थांबली. तिनं भावाला विचारलं, हे खरं का. खेमानं मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं, मग गाडीचं काय झालं. बाजूला ढकलली व्हती, खेमा म्हणाला. एवढंच.

घरात ही भावंडं कायम आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत बोलत. पण पुढचं मिराबाई मराठीत बोलली, समोरच्या दोघांनाही नीट कळावं म्हणून.

“म्हंजे गाडी सोडता येत व्हती.”

खेमाकडे दहा वर्षं एकच वाक्य होतं आणि ते तो सीमेवर खर्चून आला होता. मिराबाई परत खाली बसली. कुडी निवडता निवडता तिचा हात एकदा थांबला, तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. या वेळी ती मागच्या अंगणात गेली नाही.

जीपचा दरवाजा उघडा धरून हरीशराव थोडा वेळ उभे राहिले, मग एकटेच गेले. खेमा अंगणाच्या कडेला, तिच्यापासून लांब बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच बसून होते.