बेस मॉडेलचं झाकण

मेडशीला हायवेलगत बादल राठोडचं टिनाचं दुकान आहे, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं. तिथं तो गाड्यांना स्टिरिओ बसवतो. वायर कापत नाही. बाकीचे फिटर दातानं वायर सोलतात, पीळ मारतात, वरून काळी पट्टी गुंडाळतात आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावतात. बादल कंपनीच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या टोकाच्या प्लगला, आपला कपलर जोडतो. खट्ट वाजलं की झालं. उद्या काढायचं म्हटलं तरी गाडीला ओरखडा नाही. पुण्याच्या एका गॅरेजात पाच वर्षं शिव्या खाऊन तो हे शिकला होता. तांड्यावर परत येताना त्याच्याजवळ एवढीच कमाई होती.

सगळ्यात स्वस्तातली गाडी घेतली, म्हणजे ज्याला बेस मॉडेल म्हणतात ते, की कंपनी स्टिरिओच्या जागी प्लास्टिकचं एक कोरं झाकण बसवून देते. लोक ते फेकून देतात. बादल ते पेपरात गुंडाळून डिकीत ठेवायचा. ‘‘जपा. कवा कामी येईन सांगता येत नाही.’’ लोक हसायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिरपूरचा शालिकराम आपली कोरी पांढरी गाडी घेऊन आला. बागायतदार माणूस, यंदा टमाट्यानं साथ दिलेली. ‘‘बादलशेठ, असा वाजला पाह्यजे की मळ्यातून घरापर्यंत आयकू आला पाह्यजे,’’ म्हणाला. बादलनं बसवून दिला. शालिकराम चारही काचा खाली करून वाजवत गेला.

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी व्हिडिओ फिरला. त्यात शालिकरामचा अर्धा चेहरा, मागं टिनाच्या शेडात गाडी, गाडीमागं सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. ‘‘पाहा भाऊ, मेडशीच्या फिटरनं माह्या नव्या गाडीची वायरिंग कापली. गाडी चालूच होऊन नाही राह्यली. शोरूमवाल्यानं फोनवर सांगतलं, वॉरंटी बी गेली. त्या पोट्ट्याच्या दुकानात कोनी पाय ठेवू नका.’’ शोरूमवाल्यानं गाडी डोळ्यानं पाहिलेली नव्हती. बाहेरचा स्टिरिओ बसवला म्हटल्यावर त्याला पाहायची गरज वाटली नाही.

दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. एकानं तर दारातूनच, गाडी बंदही न करता. त्या संध्याकाळी बादलच्या आईनं, गोमतीबाईनं, छपरात खोचलेले कोयते काढून घासले. दिवाळी झाली की ती आणि त्याचा बाप ऊसतोडीला जातात. कोयते दोनच लागतात. तिनं तिसराही काढला.

सकाळी बादलनं हत्यारांची पिशवी मोटरसायकलला अडकवली आणि शिरपूर गाठलं.

शेडात शालिकराम दोन-चार शेजाऱ्यांना घेऊन बसला होता. बाजूला त्याची बायको जिजाबाई सुपानं सोयाबीन पाखडत होती.

‘‘आला काय बे? आता काय कापाचं राह्यलं?’’

‘‘काका, गाडी पाहू द्या.’’

‘‘तू कायले पाह्यतं? शोरूमवाले पाहतीन. तुमी कोयता धरनारे लोक, तुमच्या हाती पाना कोनं देल्ला?’’

शेजारी हसले. नऊ-दहा दिवसांपूर्वी हाच माणूस बादलशेठ म्हणत होता. बादलनं हात उचलला असता तर दुसरा व्हिडिओ निघाला असता.

‘‘डिकी उघडा,’’ तो म्हणाला.

पेपरात गुंडाळलेलं झाकण होतं तिथंच होतं. त्यानं ते टपावर ठेवलं, डॅशबोर्डची पट्टी उचकटली, चार स्क्रू काढले, स्टिरिओ बाहेर ओढला आणि कपलर सोडवला. मग शेजाऱ्यांना एकेक करून आत बोलावलं.

‘‘हे कंपनीची वायर. दाखवा कुठं कापली.’’

एकानं खिशातून चष्मा काढून लावला. पाहिलं. चष्मा परत ठेवला.

बादलनं झाकण जागेवर दाबलं. खट्ट. ‘‘आता गाडी जशी शोरूममधून निघाली तशी हाय. माह्यानं बंद पडली असन, तं आता चालू झाली पाह्यजे. मारा सेल.’’

शालिकरामनं चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र करून गप. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा त्याच्या मानेवर घाम होता.

‘‘बॉनेट उघडा.’’

बॉनेट उघडलं आणि वास आला. इंजिनावर पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात पुरणपोळीचा कुरतडलेला कोर, वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल, कुंकू. सभोवार लेंड्या. बॅटरीमागं सोयाबीनच्या टरफलांचं घरटं आणि तिथूनच जाणाऱ्या दोन वायरींतून उघडं तांबं चमकत होतं.

बादलला सगळं कळलं. मागचा सुपाचा आवाज थांबला होता, त्यावरून आणखी कळलं. त्यानं द्रोण नाही, वायर उचलून दाखवली.

‘‘उंदरानं कुरतडली. दात पाहा.’’

‘‘उंदीर कायले जाईन इंजिनात?’’ शालिकराम उसळला. ‘‘नवी गाडी हाय ते. तूच खात बसला असशीन अन् सांडलं असन.’’

बास. बादलचा हात द्रोणाकडे गेला.

‘‘म्या ठेवला,’’ जिजाबाई म्हणाली.

ती सूप ठेवून उठली होती. ‘‘दसऱ्याले तुमी हार टपावर घातला, कुकू चाकाले लावलं. सोनं द्यायले येईन त्याले बोनट उघडून इंजिन दाखवत होते. मी म्हनलं, सारं वढते तं हा, अन् याच्यापुढं निवद नाही? पुरनपोईचा ठेवला. मंग तुमीच न पाहता झाकलं.’’

कोणीतरी फिस्सकन हसलं.

‘‘अक्कल हाय काय तुले? लाखाची गाडी—’’

‘‘मले बोला. त्याले काहून बोलले?’’

शालिकराम इकडं-तिकडं पाहून खाकरला. ‘‘बरं, झालं गेलं. बादल, लावून दे बाबा तो स्टिरिओ.’’

‘‘आधी दुसरा व्हिडिओ काढा.’’

‘‘आता कायले?’’

‘‘पयला काढला तवा इचारलं होतं, कायले म्हनून?’’

शालिकरामनं हातातला फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. जिजाबाई पुढं आली, त्याच खिशातून फोन काढला आणि त्याच्याच हातात दिला. ‘‘धरा. मी बोलतो.’’

शेजारी पाहत होते. त्याला धरावा लागला. तिनं पदर सारखा केला आणि आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ उभी राहिली. ‘‘मी शालिकरामची बायको जिजाबाई. गाडीत निवद म्या ठेवला, त्याच्यानं उंदीर आले. मेडशीच्या पोरानं काही कापलं नाही. आमचं चुकलं.’’ मग नवऱ्याला म्हणाली, ‘‘ज्याइले तो धाडला, त्याइले हाही धाडा. माह्यासमोर.’’

बादलनं स्टिरिओ पेपरात गुंडाळून शालिकरामच्या हातात ठेवला. ‘‘वायर दुरुस्त करा अन् मेडशीले या. दुकानात लावून देतो.’’

पहिला व्हिडिओ सात गावांच्या ग्रुपांवर फिरला होता. दुसरा गावच्या ग्रुपवरच पडून राहिला; नऊ अंगठे आले आणि चार हसरी तोंडं. कोणाचं नाव खराब करायचं असलं की लोकांच्या बोटांना वेग येतो. गोमतीबाईनं तिसरा कोयता छपरात परत खोचला नाही. भिंतीला टेकवून ठेवला.

चार दिवसांनी दुकानासमोर एक गाडी थांबली. काच खाली झाली.

‘‘ते निवदाच्या गाडीवाला फिटर तूच काय?’’

‘‘मीच.’’

‘‘वायर तं नाही कापत ना?’’

बादलनं हातातला पेचकस पिशवीत परत ठेवला.

‘‘खाली उतरा,’’ तो म्हणाला. ‘‘आधी बॉनेट उघडा. दोघं मिळून पाहू.’’