मानेवरची फुंकर

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. दोघं भाऊ होते, दोघंही कटिंग करणारे, बापाच्याच दुकानात शिकलेले. आणि त्या दुकानात एक रीत होती बघ. गिऱ्हाइकाचे केस कापून झाले की मानेवरचे बारीक केस ब्रशने झाडायचे. घरच्या माणसाचे मात्र फुंकर मारून उडवायचे. बाबा म्हणायचे, ब्रश धंद्याचा, फुंकर घरची.

तर थोरल्याचं बाबांशी बिनसलं. कशावरून? आरसा डाव्या भिंतीला लावायचा की उजव्या, यावरून! हसू नकोस, घरं असल्याच गोष्टींवरून फुटतात. दादाने आपली कात्री उचलली आणि गेला तो थेट त्या डोंगरावरच्या शहरात, जिथे ढग खाली राहतात आणि माणसं वर. धाकटा तेव्हा एवढासा होता, दादा त्याला चिमण्या म्हणायचा. पुढे बाबा गेले. निरोप पोचला, दादा आला नाही. आणि आता आई रोज दिवेलागणीला दारात बसते आणि एकच टुमणं: "जा बाबा, घेऊन ये त्याला. मी आहे तोवर."

शेवटी धाकटा निघाला. तोही चालत! वर बस जाते, पण म्हणाला, "बसने गेलो तर राग ताजाच पोचेल. चालत गेलो तर वाटेत दमेल तरी." आणि मनात हट्ट असा, की आपण ओळख द्यायची नाही. दादाने आपणहून ओळखलं तरच घरी चल म्हणायचं. नाहीतर आल्या पावली परत.

राग दमला की नाही कोण जाणे, हा मात्र पार गळपटला. शहर लागलं तेव्हा ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, छातीचा भाता झालेला. आणि शहर कसलं, नुसत्या पायऱ्या! एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. आणि शांतता एवढी की कानात वाजते. कोणी हाक मारत नाही, कोणी शीळ घालत नाही, पोरंसुद्धा ओरडत नाहीत. माणसं समोरून येतात, मान हलवतात, जातात. घाटात एकटा झोपला तेव्हा याला एकटं वाटलं नव्हतं, ते इथे भरल्या रस्त्यात वाटलं.

पायऱ्यांवर एक चहावाला होता. धाकट्याने कप घेतला, सवयीने फुंकायला गेला, तसा चहावाला हसला.

"खालून आलात वाटतं, पाहुणे? अहो, पाणीच इथे अर्धवट तापलं की उकळतं, चहा काय भाजणार तुम्हाला! हवा विरळ आहे, श्वास जपा. इथे कोणी फुकट फुंकर मारत नाही."

"कटिंगचं दुकान कुठंय?"

"ते काय वर, निळं दार. माणूस हाताचा चांगला, पण तोंड उघडेल तर शपथ. एकटाच असतो."

अरुंद खोली, एकच खुर्ची, कोपऱ्यात शेगडी. बाकावर एक म्हातारा नंबर लावून पेंगत होता. आरसा उजव्या भिंतीला, म्हणजे बाबांनी नको म्हटलेल्या. आणि दादा? सगळे केस पांढरे!

"बसा," दादा म्हणाला.

बसा! धाकटा गिऱ्हाइकासारखा खुर्चीत बसला. आरशात दोघं समोरासमोर. दादाने पाहिलंही, पण गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं.

"दाढी पण?"

"नको, केसच," हा आवाज जाड करून म्हणाला.

कात्री चालायला लागली. दादाने डोकं वळवलं, कान दुमडला, आणि कात्री थांबली. कानामागे खूण होती ना! दादा शिकाऊ असताना त्याने कापलेलं पहिलं डोकं चिमण्याचंच, आणि ती खूण त्याच्याच कात्रीची. दादाचं बोट तिथे टेकलं. शेगडीतला कोळसा तडकला. हा श्वास धरून बसला. मग कात्री पुन्हा सुरू झाली, पण इतकी हळू, जसं काही हे डोकं संपूच नये.

संपलं. ब्रश आरशाखालीच होता. दादाचा हात गेलाही तिकडे, आणि तसाच मागे आला. आणि मानेवर फुंकर. गरम, लांब. एकदा नाही रे, पुन्हा पुन्हा. जिथे जिना चढताना माणसं बोलणं सोडतात, तिथे! शेवटी दादाला धाप लागली, तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

आता याहून काय ओळखायचं? पण याला शब्द हवा होता. "चिमण्या" एवढाच एक. हा आरशात बघत राहिला, तो कापडाच्या कडा जुळवत राहिला. आणि दादाच्या तोंडून निघालं काय, तर, "पुढचे कोण?"

बाकावरचा म्हातारा उठला. मग हाही उठला.

चहावाल्यापर्यंत उतरून त्याने पुन्हा एक कप घेतला आणि वळून पाहिलं. दादा दारात कापड झटकत होता. त्यात एकही केस उरला नसेल, तरी झटकतोय आणि खाली बघतोय. एक हाक पुरली असती. पण मारायची कोणी? दोघंही बापावर गेलेले, भिंत न सोडणारे! मग दादा आत गेला. दार मात्र उघडंच राहिलं, तसल्या थंडीत.

हा तिथेच उभा. हातातला चहा निवून पाणी झाला. आणि मग उतरायला लागला. राग वाटेतच मेला होता रे, हट्ट मात्र ठणठणीत!

घरी आल्या आल्या आईने विचारलं. "दुकान बंद होतं," म्हणाला आणि पाठ फिरवून पाय धुवायला बसला. वेडाच! आयुष्यभर कटिंग करणाऱ्याशी संसार केलेली बाई, आणि हा तिला पाठ दाखवून खोटं बोलतोय. आई मागे आली. मानेवरची केसांची रेघ डावीकडे जरा उतरती होती, बाबा उतरवायचे अगदी तशी. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"बंद दुकानात बरे केस कापून मिळतात रे," एवढंच म्हणाली. आणि दिवेलागणीला नेहमीसारखी दारात जाऊन बसली.

आता तू बोल. त्या पायऱ्यांवर तू असतास, वर ते दार उघडं, तर तू काय केलं असतंस?