खुशकदमच्या नावाचा दिवा

मी मेलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि आईशी भांडून घराबाहेर पडलो होतो. पिठाच्या ट्रकबरोबर शहरात कामाला जायचं म्हणत होतो, ती सोडेना. मग तणतणत बंदूक उचलली आणि रानबकऱ्यांच्या मागे वर आलो. आमच्याकडे शिकारीला निघणारा माणूस आधी अर्चा या डोंगरी झाडाच्या फांद्यांची धुरी घेतो आणि पऱ्यांची परवानगी मागतो, कारण वरची रानबकरी ही त्यांची गुरं. मी कसली धुरी घेतोय? डोकं तापलेलं. दुपारी वरचा बर्फ सुटला आणि मला घेऊन खाली गेला.

पऱ्यांच्या राणीनं मला उकरून काढलं. हाडं जुळवली, एक बरगडी सापडेना तिथं अर्चाची काटकी बसवली आणि म्हणाली, "ऊठ."

मी म्हटलं, "नको." पण मला विचारतंय कोण?

तिची लेक निगोर दिवसा रानबकरीचं करडू होऊन कळपात चरते. पऱ्यांना लोखंड सोसत नाही, बंदुकीसमोर त्यांचं काही चालत नाही. तिथं उभं राहायला माणूसच लागतो, आणि जिवंत माणूस असल्या भानगडीत पडत नाही. राणीनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "तुझ्या घरी तुझ्या नावाचा दिवा लागला की तू सुटलास. तोवर माझ्या लेकीला जपायचं."

मला वाटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न. गावात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी खलीफा, म्हणजे आमचा धर्मगुरू, येतो, मेंढी कापतात, तिच्या चरबीत वात भिजवून दिवा लावतात, आणि गेलेला जीव मार्गाला लागतो. पण माझी आई अडून बसली. "मुलाचं प्रेत दाखवा, मग दिवा लावते," म्हणाली. तीन दिवसांची सात वर्षं झाली.

सात वर्षं म्हणजे काय, ते मला विचारा. पऱ्या वाईट नाहीत, पण माणसाचा वास त्यांना सहन होत नाही. मी आलो की नाकाला पदर लावतात. जेवायला वेगळा बसतो, नाचगाणं लांबून बघतो. उतारावरच्या अर्चाच्या शेवटच्या झाडापलीकडे माझं पाऊल पडत नाही, जमिनीला चिकटून बसतं. त्या झाडाखाली बसलं की आमच्या घराचं छप्पर दिसतं. आई जर्दाळू वाळत घालते, काढते, पुन्हा घालते. इतका एकटा मी मेलो तेव्हासुद्धा नव्हतो.

माझ्याशी बोलणारी एकच, निगोर. दिसायला पाच वर्षांची, वय दोनशेच्या घरात, आणि लाडावलेली इतकी की बोलायची सोय नाही. "ए मेल्या, मला खांद्यावर घे," म्हणते. आता मेल्या म्हटलं तर चिडणार तरी कसं?

या पानगळीत घरासमोर हालचाल दिसली. लोकरीचे नमदे उन्हात टाकले होते, भिंतींना चुना दिला होता, दाराशी खलीफाचं गाढव बांधलं होतं. मी ओळखलं. आईनं शेवटी मान डोलावली होती. मी तिथंच बसून रडलो, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी आली. "तुझ्या घरात एकही मेंढी उरलेली नाही," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात सगळ्या विकल्या. दिव्यासाठी जनावर हवं म्हणून तुझा भाऊ बंदूक घेऊन वर येतोय. निगोरकडे लक्ष दे." आपण काय मागतोय ते तिला ठाऊक होतं. तरी मागितलं.

माझा धाकटा भाऊ नझरशो ओढ्यावरून वर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. बारा वर्षांचं शेंबडं पोर सोडून आलो होतो, आता हा दांडगा बाप्या. आणि आमची निगोर, हजारदा बजावलेलं असूनही, कळप सोडून एका कातळावर उभी. त्यानं नेम धरला.

मी नुसता गप्प राहिलो असतो तर संपलं होतं. संध्याकाळी दिवा लागला असता, मी सुटलो असतो. सांगायला लाज वाटते, पण मनात दहापर्यंत आकडे म्हटले तरी हललो नाही. मग तिनं मान वळवून मला शोधलं. घाबरलेली नव्हती, मी कुठंतरी असणारच अशी खात्री होती तिला. माझे पाय आपोआप उठले आणि मी बंदुकीसमोर जाऊन उभा राहिलो.

नझरशोच्या हातातली बंदूक खाली आली. "दादा?"

"दादा काय दादा? मेलोय मी. तो पलीकडचा म्हातारा बोकड मार, घेऊन जा, आणि दिवा लावा."

तो हसतही होता आणि रडतही होता. "मेलेला माणूस असा खेकसतो होय?"

"हात लावून बघ. गार आहे."

"बर्फात राहून कोण गार पडत नाही?"

"तुला मिशा फुटल्या, मला बघ."

"बाबांनाही उशिराच आल्या." त्यानं मला मिठी मारली आणि मानेपाशी नाक खुपसलं. "तुझ्या अंगाला अर्चाच्या धुराचा वास येतोय. आपल्या घरासारखा. चल आता."

त्यानं ओढलं, मी गेलो, शेवटच्या झाडापाशी पाऊल चिकटलं. त्यानं पुन्हा ओढलं. मग हात सोडला.

"अजून राग गेला नाही तुझा? सात वर्षं रुसून बसलास? आई तिकडं रोज मरतेय रे."

"मी रुसलेलो नाही, नझरशो. मला खाली येताच येत नाही. देवाशप्पथ, दिवा लाव."

"जिवंत भावाच्या नावानं दिवा लावू? वेडा झालास का? थांब, आईला घेऊन येतो. तिनं समजूत काढली की येशील." आणि तो उड्या मारत, ओरडत खाली पळाला.

दुपारी खलीफा गाढवावर बसून परत गेला. उन्हं कलताना आई आली. गुडघ्यांनी साथ दिली तितकीच, ओढ्यापर्यंत. तिथून हाका मारायला लागली. "खुशकदम, चुकलं माझं. जा तुला जायचं तिथं, नाही अडवणार. एकदा तोंड दाखव, बाळा."

मी ओरडून ओरडून उत्तर दिलं. माझा आवाज त्या झाडापलीकडे जात नाही, आणि खालून मी दिसतही नाही.

निगोर शेजारी येऊन बसली. "ती कोण?"

"आई."

"रागावलीय?"

"नाही. तिला वाटतं, मी रागावलोय."

त्या दिवसापासून ती रोज येते. अंधार पडेपर्यंत बसते, काठी टेकत परत जाते. ती येत राहील तोवर माझा दिवा लागणार नाही, हे मला कळतं. तरी ओढ्यापाशी यायला तिला जरा उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो.