आठ मिनिटांचं पाणी

"बघ, आठ मिनिटं." मी घड्याळ हिराच्या नाकासमोर धरलं. "दोन लिटर पानी, आठ मिनिटांत उकळलं. आता बोल."

हिरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदर तोंडावर धरून खोकला दाबत होती. तो ओसरल्यावर म्हणाली, "तुमच्या हातानं उकळतंय. माझ्या हातानं नाय उकळत."

"शेगडीला काय कळतंय, कोनाचा हात हाय?"

"मला नाय ठावं. पन माझा भात आधनाला येत नाय तो नायच."

मग मी चिडलो. मी चिडलो की शब्दांना धरबंध राहत नाही, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. म्हणालो, तुला चुलीचाच सोस आहे, माहेरची सवय आहे, फुंकणी सोडवत नाही. माझं आल्युमिनचं भांडं मी पुसलं, पिशवीत टाकलं आणि कामावर निघून गेलो.

मी लडकू मिस्तरी. धसईच्या आसपास एकोणचाळीस गोबरगॅस बांधले मी. एक्याण्णव साली एका साहेबानं आम्हा बारा गवंड्यांना दहा दिवसांचं शिक्षण दिलं होतं. बाकीचे अकरा जण घुमट बांधायला शिकले आणि तेवढ्यावर थांबले. मला मात्र ज्योतीचं वेड लागलं. साहेब म्हणाला होता, शेगडीवर काय छापलंय ते वाचू नका. मोजून पाणी ठेवा आणि घड्याळ बघा, उकळायला किती वेळ लागतो तीच तिची खरी ताकद. मी मोजून बघितलं. नव्याकोऱ्या शेगडीवर दोन लिटर पाण्याला तेरा मिनिटं लागत होती. छापलेलं सगळं थोतांड होतं.

मग मी त्या बर्नरच्या मागेच लागलो. गॅस ज्यातून येतो ते पितळी भोक थोडं थोडं वाढवत नेलं. हवेची खिडकी किती उघडी ठेवायची तिथे कानशीनं खूण केली. भांडं ज्या दांड्यांवर बसतं त्या अर्धा इंच कापल्या, म्हणजे भांडं ज्योतीत बसतं. तेराची अकरा झाली, अकराची नऊ. आठवर आलो त्या दिवशी मी घरात एकटाच हसलो होतो.

आणि हे सगळं कुणासाठी? लोकांच्या शेगड्या मी नंतर सुधारल्या. आधी हिरासाठी केलं. त्र्याण्णव साली तिला शहापूरला डॉक्टरांकडे नेली होती. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूल बंद करा. औषध मी देतो, पण धूर राहिला तर औषध काही कामाचं नाही. बाईच्या हातात फार वर्षं नाहीत." घरी आल्यावर आठ दिवसांत गोठ्यामागे खड्डा खणायला घेतला. चार जनावरं होती, शेण पुरेसं होतं. सगळं जमून आलं होतं.

पण जमलं नाही. दोन महिने तिनं शेगडीवर रांधलं. मग भाकरी चुलीवर गेली. मग डाळ गेली. शेवटी भातही गेला आणि शेगडीवर नुसता चहा राहिला. दर वेळी मी शेगडी खोलायचो तेव्हा बर्नरच्या भोकांत तांबूस कचरा सापडायचा. मला वाटलं, नळीचा गंज आहे. मी चाळीस फूट लोखंडी पाइप उपसून काढला आणि प्लास्टिकचा घातला. पुन्हा कचरा. पाइपच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधून बघितलं. पुन्हा कचरा. मी भोकं साफ करायचो, माझं भांडं ठेवायचो, घड्याळ लावायचो. आठ मिनिटं. हिराला हाक मारून दाखवायचो आणि भांडायचो. अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत ती रांधत असताना मी एकदाही तिच्याजवळ बसलो नाही. पुरुष माणूस रांधणाऱ्या बाईजवळ काय बसणार, असं वाटायचं मला.

सत्त्याण्णवच्या पौषात तिला रात्री झोपून श्वास घेता येईना. बसूनच राहायची. शहापूरच्या दवाखान्यात तिला ठेवली. तिथले म्हणाले, भात नको, घरून पातळ पेज आणून द्या. दुसऱ्या दिवशी मी जनावरांना वैरण घालायला आणि पेज करायला घरी आलो.

फळीवर तिचं भाताचं टोप उपडं घातलेलं होतं. ते घेतलं, पाणी आणि कण्या टाकल्या, गॅस पेटवला. बर्नर मी चारच दिवसांपूर्वी साफ केला होता. सवयीनं घड्याळाकडे बघितलं. आठ मिनिटं झाली, पाणी गप्प. बारा झाली. टोपाच्या बुडाखाली काहीतरी तडकल्यासारखा बारीक आवाज आला आणि निळी ज्योत एका बाजूनं पिवळी पडली. वाकून बघितलं तर बर्नरवर तांबडे कण पडत होते. फडक्यानं टोप धरून उचललं आणि वाकडं करून बघितलं. बुडाला मातीचा लेप होता, भाकरीच्या काठाएवढा जाड.

माती. चुलीवर भांडं काळं होऊ नये, घासताना राखेनं पटकन निघावं, म्हणून बायका बुडाला बाहेरून माती लावतात. माझी आई लावायची, आजी लावायची. भांड्याला माती असते हे मला जन्मापासून ठाऊक होतं, म्हणूनच ती मला कधी दिसली नाही. गॅसवर भांडं काळं होत नाही, तिथे माती कशाला, हे हिराला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं मी. माती आधी स्वतः तापायची, मग भांडं. वर तिचेच कण पडून भोकं बुजायची. मी विळीनं लेप खरवडला, बर्नर झटकला आणि उरलेलं पाणी पुन्हा ठेवलं. पेज बघता बघता उकळली. मी शेगडीसमोर बसून मोठ्यानं रडलो. गोठ्यात म्हैस हंबरली, तिला पाणी पाजायचं राहिलं होतं.

एसटीत शहापूरपर्यंत डबा मांडीवर घेऊन एकच घोकत होतो, आता सांगतो, हिरा, तुझा काही दोष नव्हता, नुसती माती होती. घरी आलीस की चुलीचं नाव काढायचं नाही.

ती खाटेवर उशी पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे पडले होते. दोन चमचे पेज घेतली आणि थांबली.

"कशावर केलीत?"

"गॅसवर."

"येळ लागला असंल."

मी डब्याचं झाकण लावत राहिलो.

ती थांबत थांबत, मध्ये श्वास घेत बोलली. "तुमी लय केलंत माझ्यासाठी. पाइप बदललात. मी चुलीकडं गेले तं मनात नका ठेवू. सोस नवता ओ मला. तुमी कामावरनं यायच्या टायमाला भात व्हयाला पायजे व्हता, इतकंच. माझंच कायतरी चुकत असंल, दुसरं काय?"

डॉक्टरांनी आत येताना दारातच मला सांगितलं होतं की आता फार तर आठ-पंधरा दिवस. आणि ती विचारत होती, माझं चुकलं का. मग मी काय सांगू, माती सांगू? हो, तुझंच चुकलं, एवढ्याशा लेपानं चार वर्षं गेली आणि छाती गेली, असं सांगू?

"तुझं काय नाय चुकलं गो," मी म्हणालो. "बर्नरमधीच खोट व्हती. आज खोलून बघितला. आतून वाकडा हाय. मीच फसलो."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की मी खाली बघितलं.

"मी बोलत व्हते ना," ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला हाताने खुणावून म्हणाली, "आमचे मालक मोठे मिस्तरी हायेत. पन बर्नर खोटा निघाला त्यांचा."

त्यानंतर ती नऊ दिवस होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं ते सांगितलं. दम लागायचा, तरी सांगायची. माझ्या चुलतभावाची बायको गिरजा दोनदा येऊन गेली, तिलाही दोनदा सांगितलं.

बाराव्यानंतर मी घराबाहेर पडलो तेव्हा पाड्यात सगळ्या चुली पेटलेल्या होत्या. सात घरांत माझे गोबरगॅस होते. मिस्तरीनं स्वतः कबूल केलं म्हणे, खोट आहे म्हणून. दोन घरांनी तर खड्ड्यात शेण कालवणंच सोडलं होतं. गिरजा ओटीवर टोपाला माती लावत होती आणि मध्येच खोकत होती. हिराचा खोकला सुरुवातीला असाच होता.

मी तिला सगळं सांगितलं. टोप, माती, ज्योत पिवळी पडली ती, आणि मी हिराशी खोटं बोललो तेही. म्हणालो, "आज माती नको लावू, मी घड्याळ लावून दावतो."

गिरजानं हात थांबवला नाही. "भावजी, तुमचं घड्याळ तिनं चार वर्सं बघितलं."

"मी खरं सांगतोय गिरजे."

"ती सोत्ता बोलली मला. मरताना कोन खोटं बोलतं का?" तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. "जिती व्हती तवा तुमी तिला बोल लावलात. शेवटाला एकदा चूक कबूल केलीत, ती सुखानं गेली. आता ती नाय तं परत तिच्याच माथ्यावर टाकता? बरं नाय दिसत भावजी."

पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. दुसऱ्या घरी गेलो असतो तरी तेच झालं असतं. मी ओटीवरून उठलो.

"बसा," गिरजा म्हणाली. "दोन घास खाऊन जा. घरी कोन हाय तुमाला करून घालायला?"

ती आत गेली. धूर दारातून ओटीवर आला. फुंकणीचा आवाज येत होता आणि मध्येमध्ये खोकल्याचा. बऱ्याच वेळानं तिनं ताट आणून पुढे ठेवलं, वर डाळ वाढली आणि पदरानं डोळे पुसत बाजूला उभी राहिली. भात चांगला मोकळा झाला होता. मी सगळा खाल्ला.