परगावचे वल्हेकरी

नौकाशर्यतीच्या नोंदणीचं पान शीबाने पायथनमध्ये लिहिलं होतं आणि तिच्या मते ते झकास चालत होतं. चालणारच; तपासताना तिने एकच वल्हेकरी भरला होता, तोही बिनचूक. वक्कच्चन चेट्टन, म्हणजे वक्कच्चनदादा, यांच्या गावाच्या नौकेत ऐंशीच्या वर होते.

चेट्टन दुपारी मुंडू वर खोचून थेट तिच्या अलप्पुळ्यातल्या ऑफिसात येऊन धडकले. पाचला नोंदणी बंद. तोवर अर्ज गेला नाही, तर गावाची नौका यंदा काठावरूनच टाळ्या वाजवणार.

"सकाळपासून हेच चाललंय! एकेक माणूस भरायचा, 'आणखी एक' दाबायचं, सगळे बसवून पाठवायचं. तुमचं पान म्हणतं, 'चूक आहे, पुन्हा भरा.' आणि समोर एकच कोरी ओळ! माणसं गेली कुठं, मोळे? बुडाली का, पोरी?"

"चेट्टा, लोक सूचना वाचतच नाहीत," मालक जोमोन केळ्याचं भजं चावत म्हणाला.

"काय वाचू? कोरी ओळ?"

जोमोनने ग्राहकाचं अज्ञान मोठ्या मनाने पोटात घातलं. "शीबा, सर्व्हरवर पान बनवणं आता जुनं झालं. सगळं नव्याने करू. दोन महिन्यांत."

"पाचच्या आत होईल का, सर?"

रोग तिला कळला होता. वाढवलेल्या ओळी फक्त चेट्टनच्या ब्राउझरला ठाऊक. सर्व्हरबाबांना चूक दिसली, की ते आपल्या कपाटातला एका ओळीचा कोरा अर्ज काढून हातावर ठेवायचे. तिने त्यांना शिकवलं: बाबा रे, आलेल्या ओळी आधी मोज, तेवढ्याच मांड, भरलेलं पुसू नकोस, आणि काय चुकलं ते नीट सांग. काम इतकं थोडं निघालं, की तिचं तिलाच ओशाळायला झालं.

मग चेट्टन सांगत गेले, ती भरत गेली. पाठवलं. एकही माणूस बुडाला नाही. फक्त वर लाल अक्षरं उमटली: परगावचे वल्हेकरी मर्यादेपेक्षा एकाने जास्त.

चेट्टननी ती ओळ मोठ्याने वाचली. "आधीचंच पान बरं होतं गं. दोष तुमच्यावर तरी घालता येत होता."

"एक परगावचा काढा, गावचा घाला."

"गावात उरलंय कोण? निम्मे आखातात, उरलेले..." त्यांची नजर जोमोनवर येऊन थांबली. "मोने, बाळा, मतदार यादीत तू अजून आपल्याच वॉर्डात ना?"

भजं जोमोनच्या घशात अडकलं. "चेट्टा, माझी पाठ दुखते हो!"

"खुर्चीत पडून पडून दुखतेय. वल्हं मारलंस की सुटेल."

शीबाने एक परगावचा खोडला, 'आणखी एक' दाबलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "वय, सर?"

जोमोनने घड्याळाकडे पाहिलं, चेट्टनकडे पाहिलं, आणि सांगून टाकलं. पानाने ते विनातक्रार घेतलं. नोंदणी झाली.

"उद्या पहाटे सराव," चेट्टन दारातून म्हणाले. "आणि हो, पोहता येतं ना रे?"